तीनशे दहा ग्रॅम

सोसम्मा विचारते, ड्रॉवर रिकामे करू का, डॉक्टर?
एकोणतीस तारखेला माझं मस्कत संपतं.
बावीस वर्षांचे ड्रॉवर.
सिलिकॉनचे नमुने, दोनशे, अडीचशे, तीनशे सीसी,
हाताळून हाताळून धुरकट झालेले.
त्वचेवर रेघा आखायची जांभळी पेनं.
एक भिंग, ज्याचा पट्टा
माझ्या घामाने कडक झालाय.

सकाळी मी पोटाचं मांस छातीवर नेत आलो.
केसाहून बारीक दोऱ्याने दोन रक्तवाहिन्या
तोंडाला तोंड लावून शिवायच्या,
मग चिमटा सोडायचा आणि थांबायचं.
पांढरं मांस गुलाबी व्हायला अर्धं मिनिट लागतं.
दर वेळी त्या अर्ध्या मिनिटात
मला काहीच येत नाही.

दुपारी वेगळ्या बायका.
नवरा बोलतो, ती घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करते.
मी त्याला काहवा घ्यायला बाहेर पाठवतो.
मग ती जो आकडा सांगते
तो त्याच्या आकड्याहून लहान असतो.
कधी चांगलाच मोठा.
गावाकडचे पाहुणे विचारतात, नक्की कसले डॉक्टर तुम्ही?
बायको घाईने सांगते, भाजलेल्यांचे.

झुवैना निझव्याहून आली होती.
मुलगा पडद्याबाहेर, गाडीची किल्ली वाजवत.
तिने अबायाच्या आतून एक पिशवी काढली
आणि माझ्या टेबलावर ठेवली.
खजुराच्या बिया, धुऊन, वाळवून,
मऊ कापडात शिवलेल्या.
सहा वर्षं.
चालताना वाजतात, म्हणून सावकाश चालते, म्हणाली.
लग्नघरात ढोल सुरू झाला
की मगच जागची उठते.

करमाळ्यात, आमच्या माळवदावर,
वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी
मला अशीच एक पिशवी सापडली होती.
आत ज्वारी. कापड आईच्या चोळीचं.
मी सात वर्षांचा. मी आणि शेजारचा भगवंता
दुपारभर तिची झेलाझेली खेळलो.
शिवण उसवली, चार दाणे सांडले.
आई वर आली. रागावली नाही.
दाणे वेचले, उसवल्या जागेतून आत सारले,
आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.
त्या वर्षी तिला सोलापूरला नेलं होतं,
एवढंच मला माहीत होतं.
ज्वारीला किडे होतात, म्हणून ऊन,
हे कळायला मला मेडिकल कॉलेज लागलं.

झुवैनाच्या बाबतीत मी नऊ तास उभा होतो.
दुसऱ्या रात्री मांस निळसर पडलं.
पुन्हा उघडलं, शीर मुरगळली होती,
सरळ केली.
पहाटे तीनला डॉपलर बोलू लागला,
श्शक, श्शक, ओल्या चपलांसारखा.
सोसम्मा भिंतीला टेकून रडली
आणि मग माझ्यावरच चिडली, काही खाल्लं नाहीत म्हणून.

पाचव्या दिवशी झुवैना कॉरिडॉरमध्ये चालत होती.
भरभर. मुद्दाम.
टाके ओढतील, सावकाश, मी ओरडलो.
ती वळली नाही.

पिशवी नंतर मुलाच्या हाती आली.
आई म्हणते, आता तुमच्याकडेच राहू द्या.
मी नको म्हणू शकलो असतो.

हिचं काय करू? सोसम्मा विचारते.
काढलेलं मांस ज्यावर तोलतो
त्या काट्यावर मी ती ठेवतो.
तीनशे दहा.
आईच्या पिशवीचं वजन कुणी केलं नाही.
ते फक्त माझ्या तळहातांना माहीत असावं,
आणि भगवंताच्या, जो आता पुण्यात टेम्पो चालवतो
आणि ज्याला हे कधी सांगितलेलं नाही.

सोसम्मा बाहेरचे दिवे मालवायला जाते.
मी पिशवी वर उडवतो,
छतापर्यंत नाही, थोडीशीच.
बिया वाजतात.
झेलतो.